ओसरीवरचा कप्तान

बंदरात जहाज लागलं की चार्ल्स्टनच्या माणसाला ते बघायला जावं लागत नाही. घरबसल्या कळतं. सकाळपासून पाहुण्यांना गाव दाखवणाऱ्या गाड्यांच्या खेचरांच्या टापा वाजायला लागतात, कोपऱ्यावरच्या आइस्क्रीमवाल्यापुढे रांग लागते, आणि गळ्यात जहाजाचं कार्ड अडकवलेली माणसं लोकांच्या फाटकांतून आत डोकावून, "इथे अजून कुणी राहतं वाटतं," असं राहणाऱ्याच्या तोंडावर म्हणतात.

हेन्रिएटाबाई फेल्डर यांना या सगळ्याचा फार राग यायचा. म्हणजे नवरा होता तोवर यायचा. लॉटन गेल्यापासूनच्या दोन वर्षांत त्यांचा राग बराच निवला होता, कारण रागावून बोलायला समोर कुणीतरी लागतं.

त्या दिवशी त्या ट्रॅड स्ट्रीटवरच्या आपल्या ओसरीत बर्फ घातलेला गोड चहा घेऊन सकाळपासून कान लावून बसल्या होत्या. इथली जुनी घरं रस्त्याला कूस देऊन उभी असतात. रस्त्यावरचं दार उघडलं की माणूस आधी लांबलचक ओसरीत येतो, आणि घराचं खरं दार त्या ओसरीच्या मधोमध असतं. ओसरीपुढे बाग, बागेला बुटकं कुंपण. गाडीत उंच बसलेल्या पाहुण्यांना कुंपणावरून अख्खी ओसरी दिसते. त्यामुळे हेन्रिएटाबाईंनी लग्नानंतरचा सगळा चहा जगासमोरच प्यायलेला होता.

त्यांना एकच गाडी हवी होती, व्हर्डेल ग्रँट यांची. व्हर्डेल तिसेक वर्षं खेचरगाडी हाकत होते आणि या घरासमोर आले की गाडी थांबवून सांगायचे, "मंडळी, या घरच्या कप्तानानं बायकोला सांगितलं होतं, सहा महिन्यांत येतो. आला दोन वर्षांनी. बाईनं दार लावून घेतलं आणि शपथ वाहिली, या माणसासाठी हे दार जन्मात उघडणार नाही. बाई शब्दाची पक्की. कप्तान अकरा वर्षं या ओसरीवर राहिला. इथेच जेवला, इथेच झोपला, आणि या अकरा वर्षांत त्यांना चार मुलं झाली."

गाडीतलं कुणीतरी विचारायचंच, "दार उघडलं नाही, मग मुलं कशी?"

"दार नाही उघडलं, बाई. ती खिडकी बघा केवढी आहे."

मग सगळ्या माना खिडकीकडे वळायच्या. ती खिडकी हेन्रिएटाबाईंच्या झोपायच्या खोलीची. त्या वर्तमानपत्र तोंडापुढे धरायच्या आणि पानाआडून नवऱ्याला म्हणायच्या, "ऐकलंस? हे तुझे प्रताप."

कारण कप्तान असा कुणी नव्हताच. हे घर एका मेणबत्तीवाल्यानं बांधलं होतं आणि तो कधी होडीतही बसला नव्हता. कप्तान, त्याची बायको, अकरा वर्षं, चार मुलं हे सगळं लॉटनच्या सुपीक डोक्यातून निघालं होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा त्याचा स्वभाव. हेन्रिएटाबाई चर्चमध्ये रविवारी मुलांना शिकवायच्या, 'खोटं बोलू नये' हा धडा तर त्यांचा हातखंडा, आणि त्यांच्याच खिडकीवरून रोज एवढं मोठं खोटं गाडीत बसून जायचं. त्यांनी लॉटनला किती वेळा खोटारडा म्हटलं असेल याची गणती नाही. लॉटन गेल्यावर मात्र त्यांना वर्तमानपत्र तोंडापुढे धरावंसं वाटेना. कप्तान आला की लॉटन तासाभरासाठी घरी येऊन गेल्यासारखं वाटायचं, आणि त्यांनी ते स्वतःशी कबूलही केलं होतं.

गेल्या रविवारी व्हर्डेल उकडलेल्या शेंगांची पिशवी घेऊन येऊन गेले होते. "मिस हेन्रिएटा, शनिवारी माझी शेवटची फेरी," म्हणाले होते. "गुडघ्यांनी राजीनामा दिलाय, मी फक्त सही केली." नव्या गाडीवानांना कप्तानाची गोष्ट सांगता येणार नव्हती. ज्याला कागदोपत्री पुरावा आहे तेवढंच बोलायचं, असा कंपनीत नियम झाला होता. म्हणजे कप्तान शनिवारी निवृत्त होणार होता.

आणि आज तो शनिवार होता. सकाळपासून गाड्यांवर गाड्या आल्या. एका मुलीनं मेणबत्तीवाल्याचं नाव अचूक सांगितलं, एकानं छपराच्या कौलांवर व्याख्यान दिलं. सगळं खरं, सगळं आळणी. व्हर्डेलची गाडी काही येईना. दुपार कलायला लागली तशा हेन्रिएटाबाई उठल्या, गवती टोपी डोक्यावर चढवली, आणि गोष्ट घरी येत नाही तर आपण गोष्टीकडे जावं म्हणून बाजाराच्या दिशेनं निघाल्या.

तबेल्यात व्हर्डेल सेनेटरच्या पाठीवर साज चढवत होते. सेनेटर हे खेचर होतं आणि नावाप्रमाणे त्याला कामापेक्षा उभं राहणं आवडायचं.

"मिस हेन्रिएटा, तुम्ही इकडे कुठे?"

"तुम्ही येत नाही, म्हणून मी आले. सकाळपासून बसलेय, मिस्टर व्हर्डेल. कुठे होता?"

"चेंडूला विचारा. दिवसभर दुसऱ्याच वाटा निघाल्या. एकदाही तुमची निघाली नाही."

तिथेच तर घोडं पेंड खात होतं. सगळ्या गाड्यांनी एकाच गल्लीत गर्दी करू नये म्हणून पालिकेनं बाजाराजवळ एक टपरी ठेवली आहे. प्रत्येक गाडी तिथे थांबते, टपरीतली मुलगी यंत्राची कळ दाबते, रंगीत चेंडू घरंगळत खाली येतो, आणि ज्या रंगाचा चेंडू त्या वाटेनं गाडी जाते. पाहुण्यानं हजारो मैलांवरून येऊन काय बघायचं हे तो चेंडू ठरवतो. वाट बदलली तर परवाना जातो.

"पण आमच्या वाटेचा तांबडा निघाला तर सांगाल ना कप्तान?" बाईंनी विचारलं. "तुमचा नियम आड येणार नाही?"

"तो नियम मीच मागून घेतलाय." व्हर्डेलनी पट्टा आवळला. "आमच्यातलेच गाडीवान मागच्या अंगणातल्या गुलामांच्या खोल्यांना 'नोकरांच्या खोल्या' म्हणत आलेत. माझ्या पणजीची आई तसल्या खोलीत जन्मली. तिला पगार देणारा मला अजून भेटायचाय. म्हणून बैठकीत उभा राहिलो आणि म्हटलं, पुरावा असेल तेच बोला. आता माझ्या कप्तानाला तेवढं वगळा, हे कोणत्या तोंडानं म्हणू?"

माणसाचं बरोबर होतं, आणि बरोबर असलेल्या माणसाशी भांडता येत नाही, हीच तर पंचाईत असते.

"पण आजचा दिवस सांगणार होतो," व्हर्डेल हळूच म्हणाले. "लॉटनसाठी. शेवटच्या दिवशी मला काढून काढून कोण काढणार? बसा गाडीत. बघू चेंडू काय म्हणतो."

गाडी भरली. बाईंच्या शेजारी डॉरीन आणि कर्ट हे मिनेसोटाचं जोडपं बसलं. दोघांच्या गळ्यात जहाजाची कार्डं, नाकावर पांढरं मलम. कर्टचा एक डोळा कॅमेऱ्यावर आणि दुसरा घड्याळावर होता.

"जहाज पाचला सुटतं," त्यानं बसल्या बसल्या सगळ्या गाडीला सांगितलं. "परवा सेंट ऑगस्टीनमध्ये हिनं मला धावायला लावलं. त्या किल्ल्यावरून."

"किल्ला सेंट ऑगस्टीनचा. धावलास तू काल सव्हानामध्ये," डॉरीन म्हणाली.

"मग चौक कुठे होते?"

"तेही सव्हाना. तू फोटो काढतोस आणि बघायचं राहून जातं, कर्ट." मग ती हेन्रिएटाबाईंकडे वळली. "तुम्ही कुठल्या जहाजाच्या?"

"मी इथलीच. चार पावलांवर घर आहे."

"मग तुम्ही गाडीत कशाला बसलात?"

"माझं घर बघायला," बाई म्हणाल्या. डॉरीननं मान डोलावली. प्रवासात माणसाला तऱ्हेतऱ्हेचे लोक भेटतात.

टपरीपाशी सेनेटर सवयीनं थांबला. मुलीनं कळ दाबली. हेन्रिएटाबाईंनी डोळे मिटून चक्क प्रार्थना केली, आणि चेंडूच्या सोडतीसाठी देवाला साकडं घातलं म्हणून लगेच माफीही मागून टाकली. चेंडू घरंगळला. हिरवा.

हिरवी वाट म्हणजे अँसनबरो. ट्रॅड स्ट्रीटच्या अगदी उलट दिशेला.

"मागच्या गाडीशी बदलून घ्या ना," कर्ट म्हणाला. त्याला बाईंचं तोंड बघवेना. "मी बोलू त्यांच्याशी?"

"पलीकडे तो पालिकेचा टोपीवाला उभा आहे ना, तो याचसाठी उभा असतो," व्हर्डेल म्हणाले आणि लगाम हलवला. मग मान मागे वळवून म्हणाले, "मिस हेन्रिएटा, अँसनबरोतल्या एखाद्या ओसरीवर बसवू का आज कप्तानाला? कोण विचारतंय?"

"नको. दुसऱ्याच्या ओसरीवर तो झोपायचा नाही."

गाडी निघाली. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते टोपीच्या कडेआड पुसलं. एवढीशी गोष्ट, पण ती आता त्यांना या जन्मात पुन्हा ऐकू येणार नव्हती. पुढच्या कोपऱ्यावर सेनेटरनं भर रस्त्यात आपला देहधर्म उरकला. व्हर्डेलनी खालच्या खणातून झेंडा लावलेला एक ठोकळा काढून मागे टाकला.

"हे काय? ऐतिहासिक जागा?" डॉरीननं विचारलं.

"आजपासून," व्हर्डेल म्हणाले. "पाण्याची गाडी येऊन धुईपर्यंत."

त्या हसण्यात अर्धी गल्ली निघून गेली. मग एका मोठ्या विटांच्या घरामागच्या अंगणापाशी व्हर्डेलनी गाडी थांबवली आणि मागच्या बुटक्या खोल्या दाखवल्या. त्या खोल्यांत कोण राहायचं, त्यांना काय म्हणून विकत आणलं होतं, त्यांतल्या एका सुताराचं आणि त्याच्या मुलीचं नाव काय होतं, हे त्यांनी काही न लपवता, आवाज न चढवता सांगितलं. कर्टनं कॅमेरा मांडीवर ठेवला. गाडी पुन्हा चालू लागली.

"हे ऐकायलाच हवं होतं," डॉरीन म्हणाली. "पण आता काहीतरी प्रेमाचं सांगा. नाहीतर हा बाबा जहाजावर जेवणार नाही."

"प्रेमाच्या गोष्टी खूप आहेत, मॅडम. पुरावा असलेल्या फार कमी."

"माझ्याकडे आहे एक," हेन्रिएटाबाई म्हणाल्या.

आपण हे बोललो यावर त्यांचाच विश्वास बसेना. लगामावरचे व्हर्डेलचे हात थबकलेले त्यांना दिसले, पण व्हर्डेलनी मागे वळून पाहिलं नाही.

"ट्रॅड स्ट्रीटवर एक बाई राहत होती," त्यांनी सुरुवात केली. "तिचा नवरा एडिस्टोच्या खाडीवर मासे धरायला गेला. शुक्रवारी येतो म्हणाला होता, रविवारी संध्याकाळी उगवला. ना फोन, ना निरोप. बाई दोन दिवस तो बुडाला म्हणून रडत होती. आणि हा हातात मासे नाचवत ओसरीत उभा! तिनं घराचं दार लावून घेतलं. शपथ घेतली, हे दार तुझ्यासाठी उघडणार नाही."

"चांगलं केलं," डॉरीन म्हणाली.

"खिडकीतून त्याचा पायजमा तेवढा फेकला. तो रात्रभर ओसरीत झोपला. सकाळी तिला राहवेना. पण शपथ म्हणजे शपथ. ती चर्चमध्ये शिकवणारी होती. मग तिच्या ध्यानात आलं की शपथ दाराची आहे. खिडकीबद्दल आपण काही बोललेलो नाही."

कर्ट घड्याळ बघायचं विसरला होता.

"ती खिडकी वर सरकते, पण पूर्ण सरकत नाही. मी अर्धी बाहेर आले आणि अडकले." आता 'ती'ची 'मी' झाली होती आणि कुणालाच ते वेगळं सांगावं लागलं नाही. "डोक्यात केस कुरळे करायच्या नळ्या. लॉटन दोन्ही हात धरून ओढतोय. मी त्याला हळू ओढ म्हणून शिव्या घालतेय, म्हणजे आमच्याकडे जेवढ्या चालतात तेवढ्या. आणि कुंपणाशी गाडी थांबली. माणसांनी खच्चून भरलेली."

गाडीत हसण्याची एकच लाट आली. बाई स्वतःही हसल्या. इतक्या वर्षांत हे त्यांनी सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि आज मिनेसोटाच्या परक्या माणसांसमोर ती त्यांनी उघडली होती.

"मग? मग काय केलंत?" डॉरीननं त्यांचा हातच धरला.

"मी काय करणार? मी अडकलेली. लॉटननं माझे हात सोडले, पायजमा वर ओढला, गाडीकडे वळून वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, मंडळी, अगदी वेळेवर आलात. दरवर्षी आजच्या दिवशी आम्ही कप्तानाच्या बायकोचा ऐतिहासिक प्रसंग करून दाखवतो. आणि उभ्या उभ्या त्यानं कप्तान जन्माला घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक बाई तर म्हणाली, पुन्हा एकदा अडका, माझा फोटो नीट आला नाही."

कर्टला ठसका लागला. हेन्रिएटाबाई थांबल्या. पुढचं त्यांना हसत सांगता येईना, म्हणून त्यांनी ते साधंच सांगितलं.

"गावानं मला हसायचं ते कप्तानाच्या बायकोला हसून घेतलं. त्यानं ते खोटं माझ्यासाठी रचलं होतं. मला माहीत होतं. आणि मी जन्मभर त्याला खोटारडाच म्हणत राहिले. एकदाही म्हटलं नाही की लॉटन, तू मला वाचवलंस."

डॉरीननं त्यांचा हात तसाच धरून ठेवला. कर्ट म्हणाला, "पण गाडीवानानं तर पाहिलंच असेल ना सगळं?"

"छे. तो खेचराकडे बघत होता. त्याला खरंच नाटक वाटलं. लॉटननंच नंतर मला तसं सांगितलं, म्हणून तर मी पुढच्या रविवारी चर्चला जाऊ शकले." बाईंनी टोपी सावरली. "मला अजून डोळ्यांपुढे दिसतं. तो लांब पांढरा झगा..."

"पिवळा," पुढच्या बाकावरून आवाज आला. "बारीक निळ्या फुलांचा."

सेनेटर आपल्या मनानं उभा राहिला, की त्याला कुणी उभं केलं, कळलं नाही. हेन्रिएटाबाई व्हर्डेलच्या पाठीकडे बघत राहिल्या. झगा पिवळाच होता.

"मिस्टर व्हर्डेल. ती गाडी तुमची होती?"

"माझा कामाचा दुसरा आठवडा होता. ओसरीतल्या खिडकीत एक बाई अडकलीय म्हटल्यावर गाडी दुसरं कोण थांबवणार?"

"आणि इतकी वर्षं ताकास तूर लागू दिली नाहीत?"

व्हर्डेल आता मागे वळले. "लॉटन दुसऱ्याच दिवशी तबेल्यावर आला होता. म्हणाला, ही कप्तानाची गोष्ट रोज सांगत जा. तू थांबलास तर कुणाला तरी खरी आठवेल. माझी हेन्री पोरांपुढे ताठ मानेनं उभी राहते, तिला गावानं हसलेलं मला चालायचं नाही. तिला हसायचं असेल तर मी एकटा हसेन. आणि मला वचन द्यायला लावलं की गाडी हाकतोय तोवर तुम्हाला कळू द्यायचं नाही." त्यांनी पुढची उरलेली वाट नजरेनं मोजली. "ही वाट संपली की मी गाडी हाकत नाही. दोन पावलं आधीच बोललो, एवढंच."

हेन्रिएटाबाईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्यांनी टोपी पुढे ओढली नाही. लॉटनचं सगळं बोलणं ऐकून संपलं, आता उरलंय ते आठवायचं, असं त्या दोन वर्षं धरून चालल्या होत्या. आणि हे त्याचं वाक्य त्यांनी आज पहिल्यांदाच ऐकलं होतं.

कर्टनं खिशातला रुमाल पुढे केला. जहाजाचा भोंगा वाजला. गाडीतल्या कुणी तिकडे पाहिलं नाही. कर्टनं पाहिलं, पण डॉरीननं त्याच्या मनगटावर हात ठेवून घड्याळ झाकून टाकलं.

"आणखी काय म्हणाला होता तो?" हेन्रिएटाबाईंनी विचारलं.

"बरंच. दर महिन्याला यायचा तबेल्यावर." व्हर्डेलनी शेजारची पाण्याची बाटली उचलून पायाशी ठेवली आणि बाकावर जागा केली. "इकडे पुढे येऊन बसा."

बाई घागरा सावरत पुढे चढून बसल्या, आणि व्हर्डेलनी सेनेटरला त्याच्या आवडत्या चालीनं, म्हणजे जवळजवळ न चालता, चालू दिलं.